सात नंबरच्या भुताचं ताट

सेलू, मे १९७८, सोमवार संध्याकाळ

धर्मशाळेच्या सात नंबर खोलीत भूत आहे, ही आवई मीच उठवली. चौकीदाराला दुपारी निवांत झोपायला एक खोली नको? पण लोक दाराशी नैवेद्य ठेवू लागले. अन्न वाया कसं घालवायचं!

आज पुरणपोळी होती. जायफळ जरा जास्त, अगदी आमच्या घरच्यासारखं. तरी खाल्ली.

घरी आलो तर बायको तेच ताट घासत होती.

"भुतानं सारं खाल्लं जी! उद्या कारलं ठेवतो."

"कारलं काऊन?"

"दिवसभर झोपून राह्यते ना, अंगाले बरं."

जायफळावरूनच ओळखायला हवं होतं! कारलं मला बघवत नाही. पण ताट तसंच राहिलं, तर भूत गेलं म्हणून खोली उघडतील.

खावंच लागणार.