अब्येई आणि आमचा धुरा

मी नरेंद्र भिवाजी खिल्लारे, वय त्रेपन्न, निवृत्त सुभेदार, राहणार कामरगाव, तालुका कारंजा, जिल्हा वाशिम, हे मृत्युपत्र स्वतः बसून लिहीत आहे. डोकं जागेवर आहे, दबाव कुणाचा नाही. पुढच्या आठवड्यात नागपूरला हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर घाबरू नका म्हणतात, म्हणून जरा घाबरलो आहे.

१. राहतं घर आणि बँकेतली सगळी जमा पत्नी वच्छला हिची. मी जन्मभर बाहेर, संसार तिनेच ओढला. तोंडावर कधी बोललो नाही, ते इथे लिहितो: वच्छला, तुझे फार उपकार आहेत.

२. माझी लोखंडी पेटी मेहुणे उत्तमराव यांना. मी आफ्रिकेत सिंह बघत बसलो होतो, असं त्यांनी गावभर सांगितलं. पेटीत सिंह नाही, उघडून खात्री करावी.

३. वावर मुलगी रूपा हिला. मात्र शेजारी धनसिंग आडे यांच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून जो पट्टा आहे, त्याचं वेगळं सांगणं आहे.

पट्टा कुणाचा, यावर माझ्या वडिलांनी आडेंवर केस लावली होती. ती चालू असतानाच माझी शेवटची नेमणूक झाली आफ्रिकेतल्या अब्येईत, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत. दक्षिण सुदान वेगळा झाला तेव्हापासून तो मुलूख दोन्ही सुदान आपलाच म्हणतात. पाऊस सरला की उत्तरेचे गुराखी गुरं घेऊन खाली येतात. ज्वारी निघालेली असली तर गुरं धसकटं खातात, कुणाची तक्रार नसते. उभ्या पिकात शिरली की बंदुका निघतात. आम्ही निळी टोपी घालून मधे उभे राहायचो आणि दोघांनाही जरा थांबा म्हणायचो. आपल्या घरी धुऱ्यावरून केस चालू आहे, हे मी तिथे कुणाला कळू दिलं नाही.

त्याच वर्षी आमच्या पेरणीला माणूस मिळेना. वच्छलाचा फोन आला. "धनसिंगभाऊनं आपलं सारं वावर पेरून देल्लं. पट्टा तेवढा सोडला. म्हणे, नरेंद्र आल्याबिगर त्याले हात लावत नाही." मी तंबूमागे जाऊन रडलो. तेव्हापासून पट्ट्यात गवत आहे आणि ते दोन्ही घरची गुरं खातात.

केस मी मागे घेतली आहे. रूपा रागावली. "बाबा, केस जिंकाले आली अन् तुमी सोडून राह्यले?" हो बाई, सोडली. माझ्यामागे ती पुन्हा लावायची नाही.

४. पट्टा धनसिंगभाऊंना द्यावा, ही माझी इच्छा. त्यांनी घेतला नाही तर तो रूपाचा, पण त्यात नांगर घालायचा नाही. गवत दोन्ही घरचं.

५. साक्षीलाही मला धनसिंगभाऊच हवे होते. वकील म्हणाले, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीला राहू नये, दोन्हींतलं एक काय ते ठरवा. मला ठरवता येईना, म्हणून त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "पट्टा राहू दे. सही कुठी करू?"

लिहून देणार: नरेंद्र भिवाजी खिल्लारे (सही)

साक्षीदार:
१. धनसिंग लखीराम आडे, शेजारी (सही)
२. वैजयंती वानखडे, निवृत्त नर्स, जऊळका (सही)

कामरगाव, ११ फेब्रुवारी २०२६