न दिसायचा रंग

अण्णा, आज दुपारी मी तुमच्या गाडीला हिरवा रंग दिला. रणगाडा हा शब्द तुमच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. तुम्ही नेहमी ‘आमची गाडी’ म्हणायचात, आणि नव्या पाहुण्यांना वाटायचं की तुम्ही फौजेत जीप चालवत होता. ही गाडी प्लॅस्टिकची आहे, माझ्या वितीहून जराशी लांब. खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या हिश्श्याची, असं खोक्यावर छापलंय. तुमच्या नातवानं ती मोबाईलवरून मागवली होती. तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी तो झाला, त्यामुळं त्यानं तुम्हाला भिंतीवरच्या काळ्या टोपीतल्या फोटोतच पाहिलं. अर्धी गाडी त्यानं जोडली. उरलेली मी जोडली, कारण मागच्या थंडीत तो गेला. वीस वर्षांचा होता. हे मी तोंडानं कितीतरी जणांना सांगितलंय, पण लिहिलं आज पहिल्यांदा.

तुम्हाला माहीत नाही, नेकनूरच्या स्टँडमागं घराच्या पुढच्या खोलीत मी ब्लाउज शिवायचं दुकान घातलंय. दोन मशिनी आहेत. हल्ली एकीवर शिवते, दुसरीवर गाडी असते. बायका मापं द्यायला येतात, गाडीकडं बघतात आणि काही विचारत नाहीत. त्यांना वाटतं माझ्या डोक्यावर परिणाम झालाय. तुमचे जावई शेतातून येतात, जेवतात, त्या मशीनकडं पाठ करून बसतात. वर्ष होत आलं, आमच्यात मीठ दे आणि पाणी दे एवढंच बोलणं उरलंय.

रंगाची कुपी उघडली तेव्हा तुमचा ओटा आठवला. मी चौथीत असेन. तुम्ही पेन्शन घेऊन नुकतेच गावी आला होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी सगळ्या पोरी ओढ्यातून माती आणून बैल करतायत, आणि मी हट्ट धरलाय की मला बैल नको, तुमची गाडी करून द्या. तुम्ही हसलात. माती मळलीत, बाटल्यांची बुचं चाकं म्हणून बसवलीत, बाभळीची काडी तोफ म्हणून खोचलीत. सुकल्यावर रंग द्यायचं काम माझं. पिवळी माती, चुलीची काजळी आणि शेवग्याचा पाला ठेचून काढलेला हिरवा. मी मन लावून ठिपके काढले आणि मग काजळीनं प्रत्येक ठिपक्याला सुबक काठ आखला, रांगोळीला आखतात तसा. तुम्ही गाडी हातात घेऊन फिरवून पाहिली.

“काठ कावून आखलास गं?”

“छान दिसतंय म्हणून.”

“ह्यो रंग छान दिसायसाठी नसतो. काठ दिसला की डोळ्याला आकार सापडतो. आकार सापडला की संपलं.”

आणि तुम्ही अंगठा थुंकीनं ओला करून माझे सगळे काठ पुसलेत. एक ठिपका दुसऱ्यात मिसळून टाकलात, तोफेवरून पट्टा ओढून तिचे दोन तुकडे केल्यासारखे दाखवलेत. मी रडत होते. तुम्ही गाडी नेऊन कडब्याच्या गंजीपाशी ठेवलीत आणि म्हणालात, आता बघ. दहा पावलांवरून मला ती खरंच दिसेना. मी रडायची थांबले. मला ती जादू वाटली होती.

त्याच वर्षी थंडीत मी तुमचा फौजेतला तसल्याच ठिपक्यांचा शर्ट फ्रॉकवर घालून शाळेत गेले. बाह्या चार घड्या घालून दुमडल्या होत्या, तरी हात दिसत नव्हते. प्रार्थना व्हायच्या आधी तुम्ही सायकलवर आलात. सगळ्या शाळेसमोर तो शर्ट माझ्या अंगातून असा ओढलात की दोन गुंड्या तुटल्या, आणि थोबाडीत मारलीत. त्याआधी तुम्ही माझ्यावर कधी हात उगारला नव्हता. “हे कापड घालून रस्त्यानं जायचं न्हाई. पुना दिसलीस तर तंगडं मोडीन.” घरी आल्यावर तो शर्ट तुम्ही पाणी तापवायच्या बंबात घातलात. आई म्हणाली, चांगला शर्ट जाळला कावून? तुम्ही धूर डोळ्यात जाईपर्यंत तिथंच बसून राहिलात.

उत्तर मला पाच वर्षांनी मिळालं. दर वर्षी उन्हाळ्यात एक दिवस तुम्ही धुतलेले कपडे घालून युसूफ वडगावला जायचात, फौजेतल्या सोबत्याच्या घरी. त्या वर्षी मलाही घेऊन गेलात. पिशवीत एक नारळ आणि त्याच्या आईसाठी लुगडं. आपण बाजारात उतरलो, हॉटेलात भजी खाल्ली, चहा घेतला. मग तुम्ही बाकावर बसून राहिलात. मी म्हणत होते, अण्णा, चला की. तुम्ही म्हणत होता, ऊन उतरू दे. ऊन उतरलं. तुम्ही उठलात आणि परतीची गाडी पकडलीत. लुगडं पिशवीतच. केजच्या स्टँडवर गाडी बदलायला थांबलो तेव्हा मी चिडून विचारलं, की दर वर्षी तुम्ही असंच करता का? तुम्ही माझ्याकडं न बघता सांगायला लागलात.

“त्या दिवशी लई थकलतो आमी. सकाळपास्नं गाडीत. दिस मावळायला आलता. साहेब म्हनले, गाडी मागं झाडाखाली घे. वीस-पंचवीस हात घ्यायची हुती. मागं एक मानूस उभा करायचा असतो, त्याच्या इशाऱ्यावर गाडी घ्यायची. म्या म्हनलं, एवढ्याशासाठी कुनाला उठवू. घेतली.”

“मग?”

“तो तितं झोपला हुता. आमच्याच गाडीतला, गोळे भरायचा. अंगात तसला शर्ट, वरून जाळी वढलेली. पाल्यात पाला.” एक बस लागली, भरली, गेली. “गाडीला धक्काबी बसला न्हाई गं. एवढी जड गाडी. मला कळलंबी न्हाई.”

चौकशीत तुमची चूक निघाली नाही, तो नको तिथं झोपला होता असं निघालं, हेही तुम्ही सांगितलंत, पण दुसऱ्याच कुणाची गोष्ट असल्यासारखं. “त्याची माय इचारंल, तुला कसा दिसला न्हाई? काय सांगू मी तिला? दिसू नये म्हनूनच तर घातलता त्यानं.” त्यानंतर तुम्ही युसूफ वडगावला गेला नाहीत. लुगडं आईनं नेसून फाडलं. तिला ते कुणासाठी घेतलं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. तुम्ही मला कुणाला सांगू नको असं म्हणाला नव्हता, पण मी सांगितलं नाही.

माझ्या मुलालाही नाही. त्याला मी बाकीचं सगळं सांगितलं. वाळवंटात गाडीच्या पत्र्यावर पोळी भाजली जायची ते, तोफ उडाल्यावर तुमच्या कानात तीन दिवस घुमायचं ते, मातीची गाडी कडब्यात नाहीशी झाली ते. ते ऐकत तो मोठा झाला. बारावी झाल्यावर म्हणाला, मी भरतीला उतरणार, आजोबाच्याच गाडीत बसणार. पहाटे उठून बीडच्या रस्त्यानं पळायला लागला. आता तसलं ठिपक्याचं कापड बाजारात ताग्यानं मिळतं अण्णा, भरतीची सगळी पोरं तेच घालतात. त्यानं बीडहून कापड आणलं. “मम्मी, रेडिमेडचं खांद्यात बसत न्हाई. तू शीव ना, लई भारी बसतं तुझं.”

मी जॅकेट शिवलं. खिशाचे ठिपके अंगाच्या ठिपक्यांशी असे जुळवले की खिसा कुठं आहे ते शोधावं लागे. तुमची थोबाडीत तेव्हा आठवली नाही असं लिहून मोकळी होता आलं असतं. पण आठवली होती. म्हणूनच मी ड्रॉवर उघडून अंधारात दिवा पडला की चमकणाऱ्या पट्टीचं रीळ काढलं. ग्रामपंचायतीच्या सफाईवाल्यांचे कोट शिवले होते, त्यातली हातभर पट्टी उरली होती. ती पाठीवर आडवी ठेवून बघितली. जॅकेट मधूनच कापल्यासारखं दिसत होतं, जुळवलेलं सगळं बिघडत होतं. पट्टी परत ड्रॉवरमध्ये टाकली. त्याला विचारलंसुद्धा नाही.

त्या पहाटे कारखान्यावर ऊस टाकून ट्रॅक्टर परत येत होता, मागं दोन रिकाम्या ट्रॉल्या. उजाडायचं होतं, रस्त्यावर धुकं होतं. पुढं पळणारे मित्र सुटले, हा मागं राहिला होता. ट्रॅक्टरचा एकच दिवा चालू होता, पंचनाम्यात तसं लिहिलंय, आणि सगळे त्या एका दिव्यावर बोलतात. मीही जबाबात तेच सांगितलं. त्याच्या अंगात काय होतं असं पोलीस साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, जॅकेट. त्यांनी ‘जॅकेट’ लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

तेराव्यानंतर ट्रॅक्टरवाला आला. तलवाड्याकडचा, तिशीतला माणूस, सोबत बायको. जामिनावर सुटला होता. दारातच खाली बसला आणि माझ्या पायाकडं बघून बोलायला लागला. “मावशी, लेकरांची आन घेतो. मला दिसलाच न्हाई.” तुमचंच बोलणं, अण्णा. केजच्या स्टँडवर मी तुमचा हात धरला होता, हे मला त्या क्षणी लख्ख आठवलं. आणि तरी मी ओरडले, “डोळे फुटले होते का तुझे? खोटं बोलतोस, मेल्या!” सगळी गल्ली गोळा झाली. त्याच्या बायकोनं त्याला दंडाला धरून उठवलं. जाताना तो दोनदा अडखळला. तो खोटं बोलत नाही हे त्या गल्लीत फक्त मला माहीत होतं.

गाडीचं खोकं पोराच्या खाटेखाली होतं. पावसाळा येईपर्यंत मी त्याला हात लावला नाही. मग एक दिवस झाडताना केरसुणी लागली आणि ते उघडलं. खालचा भाग, चाकं, वरची फिरणारी पेटी त्यानं जोडून ठेवली होती. डावीकडचं एक चाक घाईत तिरकं चिकटवलंय. ते मला सरळ करता आलं असतं, पण त्याच्या बोटाचा ठसा त्या गोंदात उमटलाय. तसंच ठेवलं. साखळीचे पट्टे राहिले होते, एकेक कडी सुट्टी, नखाएवढीसुद्धा नाही. मी सुईच्या टोकानं उचलून चिकटवत गेले, रोज आठ-दहा. रंगाच्या कुप्यांवर त्यानं पेननं लिहून ठेवलं होतं, ‘आधी’ आणि ‘नंतर’. आधी वाळूचा रंग. तो नीट बसला. हिरव्याला मात्र मी महिनाभर घाबरत होते. वाळूच्या रंगात गाडी मला दिसत होती. आज दिला. काठ आखले नाहीत, ओल्या ब्रशनं मिसळले, तोफेवरून पट्टा ओढला. तुम्ही पाहिलं असतं तर नावं ठेवायला जागा नव्हती. लांब जाऊन, दाराशी उभं राहून बघितलं. कापडांच्या चिंध्यांत ती दिसेनाशी झाली, आणि लहानपणी वाटलं होतं तसं काहीच वाटलं नाही. मला वाटलं होतं ती पुरी झाली की काहीतरी हलकं होईल. आता तेवढंही काम उरलेलं नाही. उद्या दुसऱ्या मशीनवर काय ठेवू?

हे कागद तुमच्यापर्यंत येणार नाहीत. कुणाच्याच हाती लागणार नाहीत, म्हणून एवढं लिहून टाकते. हिरवा देत असतानाच आज तो ट्रॅक्टरवाला पुन्हा आला होता, एकटाच. मी खिडकीच्या फटीतून पाहिलं, खूप वाळलाय. हातात सीताफळांची पिशवी. “मावशी,” त्यानं हाक मारली. थांबला. परत मारली. चार वेळा. मग पिशवी कडीला अडकवून निघून गेला. शेजारीण नंतर आली आणि म्हणाली, बरं केलंस, तोंडसुद्धा बघू नको असल्याचं. मी मान हलवली. पण दार उघडलं नाही ते रागानं नाही, अण्णा. राग कधीच संपलाय. मी ब्रश हातात धरून दारामागं उभी होते, श्वास रोखून, आणि मला एवढीच भीती वाटत होती की तो विचारेल, मावशी, ते जॅकेट कुणी शिवलं होतं.