खालच्या तीन पायऱ्या

आप्पा, आज एका दुकानदाराची कैफियत लिहीत होते. पावसात त्याच्या दारातल्या ओल्या फरशीवरून एक बाई घसरल्या, मनगट मोडलं, त्यांनी दावा लावलाय. कुणीतरी पडेल हे त्याला आधी कळायला हवं होतं का, आणि त्याच्या जागी साध्या शहाण्या माणसाने काय केलं असतं, एवढंच कोर्ट बघणार. कायद्याच्या पुस्तकात हे वाचलं तेव्हा मला नवं वाटलं नव्हतं. शाळेत जायच्या आधी तुम्ही पडवीत बसवून अक्षरं शिकवलीत, तेव्हाच हेही शिकवलंत. पावसाळाभर रोज सकाळी तुम्ही घराकडून रस्त्याला उतरणाऱ्या आपल्या पाखाडीच्या पायऱ्यांवर, पाय घसरू नये म्हणून, माडाच्या झावळ्या टाकायचात. "शेवाळ कुठे दिसतंय?" मी विचारायचे. "ते दिसेपर्यंत कुणीतरी पडलेलं असतं, बाय."

मी नववीत होते. तुम्हाला ताप होता. "आज तू टाक," म्हणालात. मी वरून टाकत निघते. खालच्या तीन पायऱ्या बऱ्या दिसतात, माझी चाचणी आहे, मी परत फिरते. थोड्या वेळाने मासेवाल्या मावशी खाली पडलेल्या. मनगट वाकडं झालंय, तरी ओरडतायत, "हात मरू दे, माझी सुरमई बघा आधी, चिखलात लोळत्येय!" तुम्ही घोंगडी पांघरून खाली आलात आणि माझ्याकडे बघितलंत. "मी टाकल्या होत्या," मी म्हटलं, "गुरांनी ओढल्या असतील." तुम्ही मावशींना म्हणालात, "वहिनी, पाखाडी माझी, चूक माझी." ताप उतरल्यावर महिनाभर त्यांची टोपली तुम्ही डोक्यावरून घरोघर नेलीत. वाडीतले हसायचे, "काय आप्पा, आज बांगडा कसा दिलात?" मी खिडकी लावून घ्यायचे.

आज दुकानदार म्हणाला, "लिहा मॅडम, पायपुसणं टाकलं होतं. कुणीतरी उचललं असेल."

"कुणी?"

"असेल कुणीतरी. तुम्ही वकील कुणाच्या?"

मी ते वाक्य लिहिलं. उद्या कैफियत दाखल करायची आहे. सकाळी त्याला समोर बसवून पुन्हा विचारेन, आणि त्याने नजर चुकवली तर ते खोडेन. मग तो दुसरा वकील बघेल.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, पण त्याला विचारायच्या आधी तुम्हाला सांगायला हवं. त्या तीन पायऱ्यांवर मी झावळी टाकलीच नव्हती. आणि तुम्हाला हे तेव्हाच कळलं होतं. गुरांची दावी रोज तुम्हीच सोडायचात, आणि त्या सकाळी तुम्ही अंथरुणात होतात, गुरं गोठ्यातच.