वाईट बातमीचा नियम

४ मार्च

सूनबाईचा घसा बसलाय. मुलाची पाठ पुन्हा धरली — गोदामात खोकी उचलून दुसरं काय होणार! माझे गुडघे कुरकुरतात, पण चालवून घेतात. म्हणजे घरात सगळे बरे.

सूनबाईची दवाखान्यातली नोकरी कायम व्हायची तर रविवारची इंग्रजीची परीक्षा पास व्हायला हवी. ती एकाच जागी अडते — ‘ड्यू टू’, ‘बिकॉज ऑफ’, ‘ओइंग टू’. तिन्हींचा अर्थ ‘मुळे’च, मग गाळलेल्या जागेत भरायचं कुठलं? मी माझा नियम सांगितला. बातमी वाईट असेल तर ड्यू टू, चांगली असेल तर बिकॉज ऑफ. ओइंग टूला हातच लावायचा नाही. जन्मभर लिफ्ट चालवली, भिंतीवरच्या पाट्या वाचूनच इंग्रजी शिकलो. लिफ्ट बंद — ड्यू टू. पाणी बंद — ड्यू टू. ओइंग टू एकाही पाटीवर दिसलं नाही.

“बाबा, किती सोपं केलंत,” म्हणाली. दिवसभर हवेत होतो.

६ मार्च

सराव पेपरात त्या भागातले तिचे जवळजवळ सगळे प्रश्न चुकले. क्लासच्या बाईंनी सगळ्यांदेखत विचारलं म्हणे, असला नियम शिकवला कुणी? “मोबाईलवर पाहिला,” असं सांगून आली.

जेवताना मुलगा तापला. “मोबाईलवर काहीही बघत बसतेस. नोकरी हातची गेली तर?” तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मी ताटात बघत जेवत राहिलो. वर आणखी वाढायला सांगितलं.

७ मार्च

बोललो नाही.

८ मार्च

मुलाने तिचा मोबाईल काढून घेतला. “बाबांसमोर बसून अभ्यास कर. ते तरी नीट सांगतील.” मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती पुस्तक घेऊन समोर बसली. “अगं, सांगून टाक ना त्याला,” मी पुटपुटलो.

“तुम्हीच सांगा, बाबा. मी सांगितलं तर चहाडी होईल.” आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मग तीच मला बाईंची रीत समजावत बसली. मी मान डोलवत होतो — बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा शिकवतोय.

९ मार्च

सांगितलं एकदाचं. मुलगा कामावर निघाला होता, बूट घालत होता. म्हटलं, “वाईट बातमीला ड्यू टू, हा नियम माझा. तिचा काही दोष नाही.” नाडी बांधताना त्याचा हात थांबला. उठून आत गेला, मोबाईल तिच्या हातात दिला आणि कामावर निघून गेला.

स्वस्तात सुटलो, असं वाटलं.

१० मार्च

सूनबाई परीक्षेला गेली. घरात आम्ही दोघंच. मुलगा खिडकीकडे तोंड करून म्हणाला, “बाबा, माझ्या बारावीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी मलाही तुम्ही तोच नियम शिकवला होता.”

इंग्रजीत थोडक्यात हुकला होता तो. म्हणून हे गोदाम. आणि मी येईल त्याला सांगत आलो — पोरगा हुशार, पण बूड टेकून अभ्यास केला नाही. त्याच्यादेखत सांगत आलो.

तोंडाने बोलवेना. ‘चुकलं माझं’ एवढं कागदावर लिहून उद्याच्या त्याच्या डब्यात ठेवतोय. खाली आणखी एक ओळ — दोन शब्द का होईना, उत्तर लिही. लवकर लिही, बाळा.