दहा इंचांचा उंचवटा

मखमलाबाद, नाशिक
११ जानेवारी १९९९

चि. सौ. प्रतिभास,
दादाचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत, तिकडेही तसंच असेल असं धरून चालतो.

तुझं पत्र वाचून तुझी वहिनी खूप हसली. उज्वला घरामागे मातीचा ढीग करून त्यावर उभी राहते, हे कसलं खूळ, असं तू विचारलंस. अगं, बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारी मैदानाच्या मध्यात अशाच उंचवट्यावर उभी राहते. त्याला माउंड म्हणतात. उंची दहा इंच आणि पुढे हळूहळू उतार. उतारावर पाऊल पडलं की अंगाचा सगळा भार चेंडूमागे जातो, आणि चेंडू वरून खाली येतो. ढीग फार उंच केला तर समोर बॅट घेऊन उभ्या असलेल्या पोरीच्या हातात काही राहत नाही, म्हणून माप सगळीकडे एकच. तिने माप बरोबर घेतलंय. खूळ म्हणू नकोस.

यंदा निवडीचा सामना आमच्याच कॉलेजच्या मैदानावर आहे आणि मैदान तयार करायचं काम माझ्याकडे. मालेगावकडून तुझी उज्वला, नाशिककडून माझी रूपाली. दोघींपैकी एकच राज्याच्या संघात जाईल असं दिसतंय. रूपालीलाही झेंडूच्या वावराकडेला माउंड करून दिलाय. तुझी वहिनी रोज ओरडते, की कोथिंबिरीत चेंडू लय येतात, जुडीबरोबर एखादा बाजारात जायचा.

उज्वलाला आमच्याकडेच उतरू दे. दाजींना सांग, पोरगी मामाच्या घरी आहे.
तुझी माया वाढती राहो.

तुझा,
खंडेरावदादा


मालेगाव
३ फेब्रुवारी १९९९

ती. दादास,
प्रतिभाचा सा. न. वि. वि.

उज्वला घरी पोचली. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलंय, पायाला प्लास्टर आहे. पुढे ऑपरेशन लागेल की नाही, डॉक्टर आत्ता सांगत नाहीत. दुखण्याचं ती काही बोलत नाही. पण शेजारच्या बायका बघायला आल्या की भिंतीकडे तोंड करून पडते. एवढ्या लोकांसमोर तोंडावर आपटले आणि सगळे हसले, एवढंच धरून बसलीय. ह्यांनी तर पहिल्याच दिवशी ऐकवलं, की पोरीला उड्या मारायला पाठवलं त्याचं हे फळ.

काल मात्र ती म्हणाली, की आई, मी पाय टाकला आणि तो खाली जातच राहिला, जमीन आलीच नाही. घरचा ढीग तिने दहा इंचच केला होता. दादा, मला खेळातलं कळत नाही, पण विचारते. तुमच्याकडचाही तेवढाच होता ना?

तू स्टँडवर सोडायला आला नाहीस. रूपाली एकटीच पिशवी घेऊन आली होती. तिचा पेपरातला फोटो पाहिला, हार छान दिसत होता. तिला माझा आशीर्वाद सांग.

आठवण ठेवत जा.

तुझी,
प्रतिभा


मखमलाबाद
९ फेब्रुवारी १९९९

चि. सौ. प्रतिभास आशीर्वाद.
पत्र मिळालं. माती आहे, कमीजास्त बसते. खेळात लागायचंच. उज्वलाला आराम करू दे, दूध-अंडी दे. झेंडूला यंदा भाव बरा आहे. दाजींना नमस्कार.
खंडेराव


मखमलाबाद
१५ फेब्रुवारी १९९९

ती. आत्यास,
रूपालीचा सा. न.

आत्या, हे पत्र नानांना न सांगता लिहितेय. तुमचं पत्र मीच आईला वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर आई म्हणाली, चल, बघून येऊ. आम्ही दोघी मैदानावर गेलो. सुतळी ताणली आणि फूटपट्टी लावली. पंधरा इंच निघाले. घरी येऊन वावरातला मोजला, तोही पंधराच. नाना मला दहा सांगत होते आणि मी कधी मोजलाच नाही. माझा पाय पंधराला बसला होता, उज्वलाचा दहाला.

नानांना विचारलं. ते गोठ्यापाशी बसले होते. सामन्याच्या आदल्या दिवशी माती टाकून घेतली, असं म्हणाले. तिचा चेंडू चुकेल एवढंच वाटलं होतं, पाय जाईल असं मनातही नव्हतं. मग म्हणाले, कोणासाठी केलं मी? तेव्हापासून आई त्यांना फक्त जेवायला हाक मारते.

रस्त्यात कोणी अभिनंदन केलं की मला मान वर करता येत नाही. तो हार मी घातला होता आणि उज्वला तेव्हा बाकावर पाय धरून बसली होती. मी राज्याच्या संघात जाणार नाही. नाना म्हणतात, कारण सांगितलंस तर माझी नोकरी जाईल. काय करू ते तुम्ही सांगा.

रागवा, पण पत्र लिहा.

तुमची,
रूपाली


मालेगाव
२० फेब्रुवारी १९९९

चि. रूपालीस,
आत्याचे आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी चुलीपुढे बसून राहिले, भाकर करपली. ह्यांना काय सांगू? माझ्याच भावाने केलं, हे तोंडातून निघेना. मैदान ओलं होतं, घसरली, असं सांगून टाकलं. म्हणजे आता खोटं बोलणारी मीही झाले. माहेरचं नाव घेताना आजवर मी आवाज खाली केला नव्हता, काल केला.

उज्वलाला मात्र तुझं पत्र दिलं. ती रडली आणि मग म्हणाली, म्हणजे मी चुकले नव्हते. रूपा, इतक्या दिवसांनी काल ती उंबऱ्यात येऊन बसली.

तू काय करायचंस ते मी सांगणार नाही. दादाने मला लिहायची गरज नाही. लिहायचं तर उज्वलाला लिहू दे.

तुझ्यावरची माझी माया कमी झालेली नाही, हे मनात ठेव.

तुझी,
आत्या


मखमलाबाद
८ मार्च १९९९

चि. उज्वलास,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

काल निवड समितीपुढे गेलो आणि सगळं सांगितलं. रूपाली बाहेर उभी होती. मी गेलो नसतो तर ती आत जाणार होती, म्हणून गेलो. मी आपणहून गेलो असं तुला वाटू नये. सामना रद्द झाला, एप्रिलमध्ये पुन्हा होईल. मैदान माझ्याकडून काढून घेतलं. नोकरीचं प्राचार्य ठरवतील.

वीस वर्षं पोरींना शिकवत आलो, की माउंड दहाच इंच का. टाकणारीला उताराचा आधार मिळावा, पण मारणारीलाही तिची संधी राहावी. ते माझंच वाक्य आता कानात ऐकू येतं.

मागच्या आठवड्यात मालेगावला आलो होतो. तू कुबड्या घेऊन रिक्षातून उतरलीस, तेव्हा मी समोरच्या सायकलच्या दुकानात उभा होतो. रस्ता ओलांडवला नाही. पुढची गाडी धरून परत आलो.

माफी मागत नाही. तू देशील, आणि मग मला बरं वाटेल. ते नको.

तुझा मामा,
खंडेराव


मालेगाव
१७ मार्च १९९९

ती. मामांस,
उज्वलाचा नमस्कार.

प्लास्टर निघालं. पाय पूर्वीसारखा होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. चेंडू टाकणं संपलं. हे तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही.

आण्णांना मीच सगळं सांगितलं. आईच्या तोंडून खोटं ऐकवत नव्हतं. ते म्हणाले, खंडेराव ह्या घराची पायरी चढणार नाही. तेव्हा तुम्ही घरी येऊ नका. त्या दिवशी रस्ता ओलांडला नाहीत, ते मला आवडलं नाही.

रूपाला सांगा, खेळायचं. माझ्यासाठी घरी बसली तर मी तिच्याशी बोलणार नाही.

एप्रिलच्या सामन्याला मी येणार आहे. समितीला पत्र टाकलंय, की माउंड मला मोजू द्या, आणि त्यांनी हो म्हटलंय. गवंडी वापरतात ती पाण्याची नळी आणते आहे. एक टोक बॅटवालीच्या जागी, दुसरं माउंडवर; दोन्हीकडे पाणी एका पातळीत येतं, म्हणजे उंची नेमकी कळते. मला अजून खाली वाकता येत नाही. माउंडवरचं टोक तुम्ही धरायचं, सगळ्यांसमोर.

वेळेवर या.

उज्वला