दुसरी ओळ

८ फेब्रु. १९९९, सोम.
हेडसर शेवटी हो म्हणाले. वार्षिक परीक्षेचे इंग्रजीचे पेपर मी टाइप करायचे. "पुढच्या सोमवारी छापील नमुना दाखवा सुनंदाताई, नाहीतर नगरला देतो." मान डोलावून आले. प्रिंटर कुठाय माझ्याकडे?

९, मंगळ.
एसटीडीवरून दिलीपला फोन, बंगलोरला. मावसभाऊ असला तरी राग येतो. जुना कॉम्प्युटर दिला, त्यात विंडोजऐवजी लिनक्स घातलं आणि गेला नोकरीला निघून. म्हणे, "खोक्यावर 'फक्त विंडोज' लिहिलेला प्रिंटर घेऊ नको. जुना, टाइपरायटरसारखा खडखडणारा बघ." चालेल ना नक्की? "बहुतेक." बहुतेक!

११, गुरु.
नगर. परवडणारे प्रिंटर दोनच. एक नवा, देखणा, पण खोक्यावर नेमकं तेच. दुसरा जुना खडखड्या. लिनक्स म्हटलं तर दुकानदार विचारतो, कोणत्या कंपनीचं? घेतलेला माल परत नाही. हात हलवत शेवगावला.
घरी वडिलांनी, आण्णांनी, ऐकून घेतलं. "जुपून बगितल्याबिगर बैल घेतो का कुनी? आपलं मशीन घिऊन जाऊ की तिथं."

१३, शनि.
एसटीत मांडीवर कॉम्प्युटर, शेजारी आण्णा. प्रत्येक खड्ड्याला जीव गेला माझा. दुकानात खडखड्या जोडला. पहिली ओळ सरळ. दुसरी, पहिली संपली तिथून खाली. तिसरी आणखी उजवीकडे, मग कागदाबाहेरच. जिना नुसता! दुकानदार हसला. रडू यायचंच बाकी होतं.
आण्णांनी कागद उजेडात धरला. "अक्षर तर येतंय न्हवं? बैल चालतोय, नांगराचं तास वाकडं जातंय."
घेतला. चूक तर नाही ना केली...

१४, रवि.
परत दिलीप. ओळ संपली की डावीकडे परत जा, हे लिनक्समध्ये वेगळं सांगावं लागतं म्हणे. काय टाइप करायचं ते तळहातावर लिहून घेतलं, घामानं अर्धं पुसलं. दिवसभर जिनेच छापतेय. आण्णा कागद उलटे करून देतात.

१५, सोम.
अकराला शाळा. पुसलेल्या जागी अंदाजानं एक अक्षर बदललं. आण्णांनी कागद लावला. खडखड सुरू. पहिली ओळ आली, स्वच्छ, आणि लाइट गेली.
साडेनऊ वाजले, अजून नाही आली. आई चहा घेऊन आली, कागद बघून म्हणाली, "आलं की गं सरळ!"
आण्णा आणि मी बंद बल्बकडे बघतोय. पहिली ओळ नेहमीच सरळ येते.