चकत्या तळण्याआधी

वहिनी,

उद्याच्या एकादशीच्या रताळ्याच्या चकत्या फडताळातल्या तुपात तळू नका. त्यात डालडा आहे. मी त्यातलं चमचाभर बाजूला काढून त्यात साखर आणि कॉलेजातलं ॲसिड टाकून हलवलं, तर लालभडक रंग आला. शुद्ध तुपाला तो येत नाही.

आई म्हणते, "तुझ्या आत्यानं मला उपासाला डालडा पाठिवला! आता तिच्या दारात पाय ठिवणार न्हाई." पण काल राजूरला जाऊन आत्यानं ज्या बरणीतून आपल्याला तूप भरून दिलं, त्या बरणीतलं तूपही मी तसंच तपासलं. रंग आला नाही. म्हणजे भेसळ आपल्या घरात झाली, आणि फडताळाची किल्ली तुमच्याकडे असते.

चांगलं तूप माहेरी धाडलं असेल, तर राग नाही. पण आत्यावर आळ नको. संध्याकाळपर्यंत आईला तुम्हीच सांगा. नाहीतर मी सांगेन.

वंदना